शपथेचा फोटो

सुरक्षा सप्ताहात उद्योगातल्या नीतीवर बोलायला मला एका कारखान्यात बोलावलं होतं. आधी सगळ्यांनी हात पुढे करून शपथ घ्यायची होती. पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करणाऱ्या भोईरांच्या उजव्या हाताला दोनच बोटं उरली होती. मॅनेजर हळूच म्हणाले, "भोईर, जरा मागं उभे राहा. फोटो काढायचाय."

"मागून घेतलेली शपथ चालते ना, साहेब?"

भोईर मागच्या रांगेत गेले.

जबाबदारी हा शब्द शंभर जणांनी एकसुरात म्हटला की भारदस्त वाटतो; ती नेमकी कुणाची, हे मात्र त्यात ऐकू येत नाही. अपघाताच्या चौकशीत ती भोईरांचीच निघाली होती. काम मंदावतं म्हणून मशीनची संरक्षक जाळी काढायला लावणारा अहवालात कुठेच नव्हता.

भाषणानंतर मला कारखाना दाखवला. जाळी अजून कोपऱ्यातच पडली होती. पत्रा आत सरकवायला भोईर आता डावा हात वापरतात.