सखाराम अडला की घोषणा

संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांतले आमच्या परळच्या चाळीतले किस्से इतके साठलेत, की एक सांगायला घ्यावा तर दुसरा रांग मोडून पुढे घुसतो. त्यात सखारामचे सगळ्यात जास्त.

सखाराम माझा शेजारी, मूळचा मालवणचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला. गॅलरीत बोलायला लागला की तोफ! पण गिरणीच्या गेटवर सभेला बाकड्यावर चढला, पाळी सुटलेली गर्दी बघितली, की रोजचे शब्दही पळायचे. पहिल्या सभेत "मुंबय आमची..." म्हणाला आणि पुढे नुसता घाम.

खाली उतरून म्हणतो, "मेल्या, शब्दच गावना नाय! पण फुडल्या सभेक पयला नाव माझाच घाल!"

* * *

मी भाषण लिहून दिलं. सभेत दोन ओळी वाचून त्यानं कागद खिशात कोंबला.

"आयेक हाक मारूक कागद लागता काय?"

टाळ्या पडल्या. त्यानंतर परत अडला!

* * *

एकदा सभेत बाकड्याच्या बाजूला गिरगावचे एक वकील बसले होते. शुद्ध, घोटीव मराठी. सखाराम अडला तसा त्यांनी बिचाऱ्यांनी हळूच एक शब्द सुचवला. मग याच्याकडे होते तेही गेले!

* * *

शेवटी आम्ही ठरवलं. सखाराम अडला की मी छाती भरून ओरडायचं, "संयुक्त महाराष्ट्र..." गर्दी "झालाच पाहिजे!" म्हणेपर्यंत त्याला शब्द सापडायचा. एका सभेत सात वेळा अडला. वकील मला म्हणाले, "काय सभा तापवतो हो हा माणूस!"

* * *

बंदी मोडून मोर्चा काढला म्हणून आम्हा दोघांना पकडलं. कोर्टात माफी मागितली तर सुटका, नाहीतर तुरुंग, आणि गिरणीतली नोकरी गेलीच समजायची. सखारामची बायको मागच्या बाकावर पोर घेऊन बसली होती. त्याच्यानंतर माझा नंबर. खरं सांगतो, मी जाम घाबरलो होतो.

मॅजिस्ट्रेट म्हणाले, "माफी मागतो, एवढंच म्हणा आणि घरी जा."

सगळं कोर्ट सखारामच्या तोंडाकडे बघतंय. मला वाटलं, अडला! सवयीनं मी छाती भरून घेतली. त्यानं न बघताच हात वर करून मला थांबवलं.

"काय हो, शब्द सापडत नाही का?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"सायब, येरवी माका शब्द गावना नाय. पण ह्यो मी सोधूकच नाय!"