म्हातारीच्या पलंगाखालचं लाकूड

कुवेतमध्ये माझी उमेदीची वर्षं फॉर्म भरण्यात गेली, असं माझी बायको म्हणते, आणि ते खोटं नाही. एका व्यापारी कुटुंबाच्या ऑफिसात मी नोकरीला होतो. हुद्द्याचं नाव सेक्रेटरी, काम मात्र कारकुनाचं. मालकांच्या बोटीपासून त्यांच्या घरातल्या फ्रीजपर्यंत ज्याला म्हणून कागद होता, तो कागद माझ्या टेबलावर यायचा. त्यातला सगळ्यात नतद्रष्ट कागद म्हणजे कॅरॅव्हॅनचा विमा.

कॅरॅव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली, गाडीच्या मागे जोडून न्यायची. थंडी सुरू झाली की कुवेती कुटुंबं वाळवंटात तंबू ठोकून राहायला जातात. मालकांच्या आईचे गुडघे गेलेले, तिला जमिनीवर झोपवत नसे. म्हणून तिच्यापुरती ही खोली. उन्हाळाभर कॅरॅव्हॅन घरामागच्या आवारात उभी असायची आणि तिची देखभाल एक सुतार करायचे. राजापूरकडचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणायचे. त्यांचा व्हिसाच मुळी या कामावर काढलेला होता.

विम्याच्या कंपनीत पहिल्या वर्षी मी गेलो तेव्हा मोटार विभागातल्या माणसाने विचारलं, "याला इंजिन कुठे आहे?" नाही म्हटल्यावर त्याने मला वरच्या मजल्यावर घर विभागात पाठवलं. तिथल्या माणसाने फोटो बघून विचारलं, "घराला चाकं कशी?" तीन खेपा माझं तळ्यात-मळ्यात चाललं. शेवटी मोटार विभागाने उपकार केल्यासारखी पॉलिसी दिली. फॉर्मवर एक रकाना होता, वाहन कुठे उभं असतं त्याचा पत्ता. मी लिहिलं, वाळवंट. तो म्हणाला, रस्त्याचा नंबर लिहा.

पुढे दरवर्षी हप्त्याची रक्कम वाढत गेली. आम्ही एकदाही नुकसानभरपाई मागितली नव्हती, तरी वाढायची. मी कारण विचारलं तर काउंटरवरचा माणूस गोड आवाजात म्हणाला, "सर, गाडी एका वर्षाने जुनी झाली ना." मी म्हटलं, "मीसुद्धा झालो, माझा पगार कुठे वाढला?" तो हसला आणि रक्कम तेवढीच ठेवली. त्याच दिवशी शेजारच्या खुर्चीवरच्या नव्या गिऱ्हाइकाला तसल्याच कॅरॅव्हॅनचा आमच्याहून कमी भाव सांगितलेला मी माझ्या कानांनी ऐकला. तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं इमानाने येणाऱ्याला जास्त आणि आज उगवलेल्याला कमी, हा कुठला न्याय?

मग आखाती युद्धानंतर सात-आठ वर्षांनी एका हिवाळ्याच्या तोंडावर रक्कम एकदम दीडपट झाली. वर चिठ्ठी, की वाहन जुनं असल्यामुळे आमचा सर्व्हेयर येऊन बघेल. त्याला सगळं ठीक वाटलं तर मागच्याच भावाने देऊ. मुदत संपायला आठवडा राहिलेला. मालक वैतागून म्हणाले, "मागच्या भावाने मिळाला तर घे. नाहीतर ती विकून टाक, मी आईसाठी दुसरं काहीतरी बघतो."

कॅरॅव्हॅन विकली की मिस्त्रींचं काम संपलं, आणि काम संपलं की व्हिसा. त्यांची मुलगी रत्नागिरीत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. हे मला ठाऊक होतं, कारण तिच्या फीचे पैसे पाठवायचा फॉर्मही मीच भरायचो. म्हणून मी आवारात जाऊन मिस्त्रींना बजावलं. "सर्व्हेयर येईल. तो विचारेल तेवढंच बोला. सब ठीक है, एवढंच. पोरीच्या एका वर्षाची गोष्ट आहे, मिस्त्री. तोंड बंद ठेवा." ते मान हलवून "बरा" म्हणाले.

सर्व्हेयर हैदराबादचा होता, घाईतला. टायर बघितले, गॅसची नळी हुंगली, दिवे लावून बघितले, फोटो काढले. मिस्त्रींनी सगळं इतकं लख्ख ठेवलं होतं की तो दोनदा "माशाल्ला" म्हणाला. त्याने पेन काढलं. मी मनातल्या मनात मिस्त्रींच्या मुलीला नर्सची टोपीसुद्धा घातली. आणि मिस्त्री म्हणाले, "साब, एक मिनिट. इदर नीचे देखो."

त्यांनी म्हातारीच्या पलंगावरची गादी उचलली, खालची प्लायवुडची फळी सरकवली आणि आतल्या आडव्या लाकडात स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. तो लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. एसीचं पाणी थेंब थेंब झिरपून ते लाकूड आतून कुजलं होतं. सर्व्हेयरने पेन खिशात ठेवलं. "दुरुस्त करो, शनिवारको फिर आता हूँ," म्हणाला आणि गेला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी मिस्त्रींवर असा ओरडलो की स्वयंपाकीण खिडकीत आली. "तुम्हाला कुणी विचारलं होतं? आपल्याच पायावर धोंडा मारून घेतलात!"

ते शांतपणे फळी पुसत होते. "काल सांजचा साफ करताना गावला मला. त्याची सही झाली असती तर तुमीच म्हणाला असतात, पास झाली ना, आता कशाला खोलता? वर गादी पडली की सगळा झाकला. आनि त्याच्यावर ती म्हातारी झोपायची. साहेब, सही झाली म्हणून लाकूड बरा होत नाय."

मी आणखी थोडा ओरडलो. पण त्यांचं खरं होतं. मी नक्की तसंच म्हणालो असतो.

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी सालमियातल्या माझ्या घरून टॅक्सी करून मी आवारात गेलो. मदतीला म्हणून गेलो; खरं म्हणजे लाज वाटली म्हणून. मिस्त्रींनी कुठल्याशा जुन्या दाराची सागवानी चौकट मिळवली होती. लाकूड घेण्याआधी बोटाच्या पेराने ठोकायचे आणि कान लावायचे. एक तुकडा त्यांनी बाजूला टाकला. मला तो अगदी चांगला दिसत होता. "आतून पोकळ हाय," एवढंच म्हणाले. कुजलेला भाग कापल्यावर जुन्या-नव्याचा सांधा असा बसवला की खिळा लागला नाही. तीनदा बसवला, तीनदा काढला. प्रत्येक वेळी पटाशीने कागदाएवढी कपची काढायची आणि पुन्हा बसवायचा. चौथ्यांदा तो आवाज न करता आत गेला. मी अंगठा फिरवून बघितला, सांधा कुठे आहे ते कळेना. मग ते एसीच्या नळीकडे वळले, कारण पाणी थांबलं नाही तर नवं लाकूडही कुजणारच. इतक्या वर्षांत मी हजारो कागदांवर "काम पूर्ण" असा शिक्का मारला होता. पूर्ण झालेलं काम मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. या माणसासमोर मला फार लहान वाटलं आणि फार बरंही वाटलं.

शनिवारी सर्व्हेयर आला, खाली वाकून बघितलं आणि लगेच सही केली. मी उड्या मारत कंपनीत गेलो. काउंटरवरच्या गोड माणसाने कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि आकडा कागदावर लिहून दिला. दीडपटीहूनही जास्त! म्हणे, आता रेकॉर्डवर मोठी दुरुस्ती आली आहे.

"म्हणजे कुजकी होती तेव्हा स्वस्त, आणि चांगली झाल्यावर महाग?" मी ओरडलो. रांगेतली सगळी माणसं वळून बघायला लागली. तो म्हणाला, "सर, सिस्टिम तसंच दाखवते."

दोन्ही कागद मी मालकांपुढे ठेवले. त्यांनी आकडा वाचला, मग सर्व्हेयरचा रिपोर्ट वाचला, आणि विचारलं, "हे लाकूड कुणी दाखवलं?" मी सांगितलं, मिस्त्रींनी. कुणाच्या पलंगाखालचं, तेही सांगितलं. रिपोर्ट त्यांनी पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, "कॅरॅव्हॅन विकून टाक. एवढे पैसे मी देणार नाही."

मी मिस्त्रींच्या मुलीचं सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर करून थांबवलं. "तो कुठे जातोय? माझ्या आईच्या घरात दारं आहेत, पलंग आहेत. असा माणूस मला दुसरा कुठे मिळणार? त्याचा व्हिसा घराच्या कामावर कर. आजच कर."

मी जवळजवळ धावत आवारात गेलो. मिस्त्री कॅरॅव्हॅनच्या दाराला तेल देत होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी तेलाची चिंधी खाली ठेवली. "मंजे माजा विसा हाय?"

"हाय, मिस्त्री! पोरगी नर्स होणार!"

ते पायरीवर बसले, डोळे पुसले आणि दोन्ही हात जोडले, मला नव्हे, कुणालातरी वर. मलाही भरून आलं. थोड्या वेळाने त्यांनी मागे वळून त्या दाराकडे बघितलं.

"आनि ही?"

"ही विकायची आहे."

त्यांचा चेहरा उतरला. पायरीवरून ते उठले आणि दार हळूच लावून घेतलं.

"आता कुठे ती धड झाली होती, साहेब," ते म्हणाले.