पाणी गरम असेपर्यंत

वहिनीचा फोन आला तेव्हा मी नेरूळ स्टेशनबाहेर कोथिंबिरीच्या जुड्या उलटसुलट करत उभी होते. "वन्सं, पाणी तापून गार झालं, पुन्यांदा तापवलं, तरी ह्यांचा पत्ता न्हाय," ती म्हणाली. मी हसले. म्हटलं, "येईल गं, मार्केटला गाडी उशिरा लागली असेल." दादाला उशीर होणं ही काय बातमी झाली? पण वहिनी फोन ठेवेना... आणि मग तिच्या दारात कुणीतरी धावत आल्याचा आवाज मला फोनमधूनच ऐकू आला. शंकरदादा, माझा थोरला भाऊ, वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोणी उतरवून झाल्यावर हात धुवायला गेला, तिथेच खाली बसला आणि उठलाच नाही. हार्ट, म्हणाले. आता काही आठवडे झाले. सगळे विधी उरकले, नातेवाईक साताऱ्याला परत गेले. मी मात्र अजून त्या फोनवरच अडकले आहे.

पाण्याचं सांगायला हवं. आमचा दादा प्यायचा, उगीच आडून कशाला सांगू? दिवसभर पाठीवर गोणी वाहिल्यावर संध्याकाळी अंग नुसतं ठणकतं, आणि मार्केटपासून कोपरखैरण्याच्या घरापर्यंत बारना काही तोटा नाही. रोज सातच्या सुमाराला तो "जरा येतो" म्हणून निघायचा. आईने शपथा घातल्या, वहिनी माहेरी जाऊन बसली, मी एका वर्षी राखी बांधली नाही. पालथ्या घड्यावर पाणी. मग एकदा त्याच्या पायावर गोण्यांची थप्पी घसरली. डॉक्टर म्हणाले, सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यात मीठ घालून पाय बुडवून बसा. वहिनीने एक निळं प्लास्टिकचं घमेलं आणलं. संध्याकाळी दोस्तमंडळी बोलवायला आली, तर हा ओट्यावर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बसलेला. "थांबा रं, पाय भिजत्यात," म्हणाला. मंडळी थांबली. भाजलेले शेंगदाणे आले. पाणी गार होईपर्यंत जेवायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पाय बरा झाला, घमेलं राहिलं. "दादा, कशी सोडलीस?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "सोडली कुठं? पाय पाण्यात हुते, उठायला जमलं न्हाय." आम्ही खो खो हसायचो. हेच वाक्य पुढे मला छळणार आहे हे तेव्हा काय ठाऊक!

हळूहळू तीच मंडळी आपापली बादली घेऊन येऊ लागली. पलीकडच्या गल्लीतले म्हात्रे आले. ते मूळचे कोपरखैरणे गावातलेच, बसवर ड्रायव्हर, क्लच दाबून दाबून डावी पोटरी दगड झालेली. कुणी टब आणला, कुणी रंगाचा रिकामा डबा. नियम एकच, दादाने घातलेला: पाणी गरम असेपर्यंत कामाचं बोलायचं नाही. मुकादम नाही, साहेब नाही, ड्यूटी नाही. मग गावच्या जत्रेत कुस्ती कोण हरलं, खाडीतली निवटी मासळी चिंच घालून करायची की कोकम, असल्या गोष्टींवर हे बाप्ये कडाकडा भांडायचे. मोबाईल खिडकीत ठेवायचे, कारण म्हात्र्यांचा एकदा बादलीत पडला होता. मी चिडवायचे, "दादा, ही कसली रे बैठक? बाळंतिणी शेक घ्यायला बसल्यासारखे दिसता." दादा म्हणायचा, "दिसू दे. सकाळी उठून कुणाची माफी मागाय लागत न्हाय."

मी वाशीच्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. मध्यंतरी मार्चअखेरीच्या टेन्शनने माझी झोप उडाली आणि झोपेच्या गोळीची सवय लागली. घरी कुणाला बोलले नव्हते. एका संध्याकाळी दादाकडे गेले, तर माझ्या तोंडाकडे बघून तो उठला, आपलं घमेलं ओतलं, ताजं पाणी भरलं, मूठभर खडेमीठ टाकलं आणि म्हणाला, "बस." म्हटलं, "अरे, मी कशाला? तुम्ही पुरुष माणसं..." तर म्हणाला, "तुला काय पाय न्हाईत व्हय?" बसले. आणि काय झालं कोण जाणे, मला रडूच कोसळलं. म्हात्रे बिचारे आभाळाकडे बघत बसले. दादाने शेंगदाण्यांची ताटली तेवढी माझ्याकडे सरकवली. त्यानंतर गोळी सुटली म्हणावं, तर कधी सुटते, कधी नाही. पण त्या रात्री मी गोळीशिवाय झोपले होते.

दहाव्याला आम्ही तळ्याकाठी जमलो. पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. झाडावर कावळे बक्कळ, पण एकही खाली येईना. दादाच्या पोराचं शिक्षण पुरं करू म्हणालो. वहिनीला अंतर देणार नाही म्हणालो. गावच्या घराचं छप्पर बदलू म्हणालो. छे! गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. तेवढ्यात गावाहून आलेले आमचे चुलतभाऊ दत्तूअण्णा पुढे झाले. "त्याची विच्छा काय हाय ते साऱ्यास्नी ठावं हाय. इतकी वर्सं मन मारून बसला त्यो. क्वार्टर ठेवा." आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत त्यांनी खिशातून बाटली काढली. माझं डोकंच फिरलं. "अण्णा, त्याने सोडली होती!" मी जवळजवळ ओरडले. अण्णा शांतपणे म्हणाले, "सोडली कुठं? त्योच म्हनायचा की."

मी वहिनीकडे पाहिलं, तर ती पदर तोंडाशी धरून पाण्याकडे बघत होती. अण्णांनी प्लास्टिकच्या ग्लासात दारू ओतायला घेतली, आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने म्हात्रे हात जोडून पुढे आले. "शंकर, आमी रोज बसू. पानी तापवाचा बंद नाय व्हनार," ते म्हणाले. आणि कावळा उतरला. शिवला, भाताचा घास उचलला आणि गेला.

कशासाठी उतरला? अण्णा म्हणतात, ग्लास बघून. म्हात्रे म्हणतात, शब्द ऐकून. मी तिथेच उभी होते आणि मला सांगता येत नाही. कावळ्याला काय कळतं, असं माझा नवरा म्हणतो. त्याचंही खरं असेल. पण माझा प्रश्न कावळ्याचा नाहीच. इतकी वर्षं रोज संध्याकाळी गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला माझा भाऊ निवांत होता, की दात आवळून बसला होता? मी जे समाधान समजत होते, ती त्याची रोजची झुंज होती का? आणि तसं असेल, तर आम्ही शेजारी बसून शेंगदाणे खात हसत होतो... ऑफिसात आकडे जुळवताना मध्येच हे आठवतं आणि बेरीज चुकते.

परवाच्या रविवारी कोपरखैरण्याला गेले. म्हात्रे आणि मंडळी ओट्यावर आपापल्या बादल्या घेऊन बसली होती. वहिनी आत गॅसपाशी उभी होती. पातेल्यातलं पाणी बोट बुडवून बघत होती. मला राहवलं नाही. विचारलं, "वहिनी, दादाला दारू आठवायची का गं?"

"आठवायची की," ती म्हणाली. "रोज तल्लफ यायची. सात वाजायला आलं की हात थरथरायचं त्यांचं. म्हणून तर मी सातच्या आत पाणी ठेवायची." मग गॅस बारीक करून म्हणाली, "आता सात वाजलं की माझंच हात थरथरत्यात, वन्सं. काय करावं कळत न्हाय. म्हणून तापवते."

मी निळं घमेलं आतल्या खोलीत ओढलं. दोन पाट मांडले. समोरासमोर बसून आम्ही दोघींनी त्यात पाय सोडले. पाणी चांगलं कढत होतं. मीठ टाकायचं राहून गेलं होतं, हे दोघींच्याही लक्षात आलं... पण पाय पाण्यात होते. कुणी उठलं नाही.