बादशहाची जोडी आणि सुरतची गाडी

माझ्यामुळे माझ्या मित्राची सुरतची गाडी चुकली. वाटेत मोटरसायकल पंक्चर झाली नव्हती, घड्याळही मागे नव्हतं. हातात बादशहाची जोडी आली आणि ती माझ्याने टाकवली नाही, एवढंच.

हा मित्र नंदुरबारात गाद्या भरतो. त्याच्या वडिलांचंही तेच काम होतं. शनिवारी शाळा सुटली की मी त्याच्या दुकानात जातो. जवळच्या कोरीट गावाहून आमचा तिसरा सोबती येतो, त्याची पपईची शेती आहे. नव्या गादीवर मांडी घालून आम्ही पोकर खेळतो. तीन पत्तीला तिघांच्याही घरून विरोध, म्हणून मीच हा खेळ दोघांना शिकवला, तोही चिंचोक्यांवर. गादीच्या शिवणीत चिंचोके घुसतात. एका गिऱ्हाइकाने तर गादीत काहीतरी टोचतं म्हणून ती परत आणली होती.

प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, मध्ये पाच पानं हळूहळू उघडतात, आणि प्रत्येक फेरीची चाल ठरलेली असते. वाढवायची तर ठरलेल्या रकमेनेच, त्याहून जास्त लावता येत नाही. मोठा डाव लावून कुणाला घाबरवता येत नाही, त्यामुळे खेळ सोपा वाटतो. खरा धोका उलटा आहे. प्रत्येक चाल स्वस्त असते. ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणत माणूस शेवटपर्यंत भरत राहतो. मी गणिताचा मास्तर. दोघांना कितीदा सांगितलं असेल, हातातली जोडी किती मोठी ते बघत बसू नका. मध्ये काय उघडलंय आणि समोरचा काय करतोय ते बघा. मोठी जोडी टाकता आली की खेळ आला.

त्या दिवशी सकाळी सुरतेहून निरोप आला. मित्राची सून बाळंतपणासाठी तिथे माहेरी होती. डॉक्टरांनी संध्याकाळी ऑपरेशन ठरवलं होतं. मुलगा कुवेतला, त्याला येणं शक्य नव्हतं. त्याने फोनवर सांगितलं, “अब्बा, बाळाच्या कानात अजान तुम्हीच द्या.” पहिलं नातवंड. मित्राने बाळासाठी सावरीच्या कापसाची एवढीशी गादी कधीच भरून ठेवली होती. ती पिशवीत घालून तो आठ वेळा उठला, आठ वेळा बसला. गाडी दुपारची होती. त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून मीच म्हटलं, तोवर दोन डाव टाकू, मग मी तुला स्टेशनवर सोडतो.

वेळ झाली. तो म्हणाला, “चल मास्तर, निघू आते.” मी पानं वाटलीच होती. उचलली तर बदाम बादशहा आणि किलवर बादशहा.

“येवढा एक व्हवू दे,” मी म्हणालो.

त्याने स्वतःची पानं पाहिली, पालथी टाकली आणि चपला घातल्या. “मी पॅक. तुम्हीबी टाका रे.”

“थांब रे भो!” मी म्हटलं.

मध्ये तीन पानं उघडली, त्यात दोन चौकटची. मी चाल वाढवली, कोरीटवाल्याने भरली. चौथं पान आलं, तेही चौकटचं. आता त्याने वाढवली. हा माणूस हातात काही असल्याशिवाय कधी वाढवत नाही, हे मला माहीत होतं. पाच चौकट जमल्या की कुठलीही जोडी हरते, आणि माझ्याकडे चौकटचं एकही पान नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या हातात ही जोडी असती, तर मी त्याला ती टाकायला लावली असती. मी मात्र छताकडे बघत विचार करत बसलो.

“तुन्हा डाव संपस तोवर मन्हा नातू चालाले लागी,” दारातून मित्र म्हणाला. हसला, पण पिशवी त्याने छातीशी धरली होती. “मी रिक्षा बघस.”

“अरे, मी आहे ना! गाडी रोज उशिरा येते.”

मी भरली. पाचवं पान आलं, पुन्हा विचार, पुन्हा भरली. कोरीटवाल्याने दोन चौकट दाखवल्या. वर मी त्याच्याशी वादही घातला, की पहिल्याच फेरीत तू असल्या पानांवर खेळात राहिलास कशाला.

आम्ही पोचलो तेव्हा शेवटचा डबा फलाटाबाहेर पडत होता. मी त्याला एसटी स्टँडवर नेलं. नवापूरमार्गे जाणाऱ्या बसमध्ये खिडकीजवळ बसून त्याने मलाच हात केला, “जाय घर, ऊन लागी.”

दुकानात परतलो तर कोरीटवाला पानं गोळा करत होता. मित्राने टाकलेली दोन पानं त्याने सुलटी करून माझ्यासमोर ठेवली. दोन एक्के. त्या खेळात याहून मोठी जोडी नाही. ती त्याने बघितल्याबरोबर टाकली होती.

तो पोचला तेव्हा बाळ झालं होतं. मुलगी. अजान सुनेच्या वडिलांनी दिली होती. चार दिवसांनी तो परतला, पेढे वाटले, गादीवरची तिची झोप फोनमध्ये दाखवली. म्हणाला, “आवाज कोणाचाबी राहो, अजान तीच ना.” पुढच्या शनिवारी त्याने नेहमीसारखी माझी पानं माझ्यापुढे टाकली. त्याने मला आमच्या खेळाच्या गादीवरून उठवलं नाही, याबद्दल मी आजही मनोमन त्याचे आभार मानतो. कोरीटवाल्याचेही, कारण ते दोन एक्के तो गुपचूप गड्डीत मिसळू शकला असता. पण मित्र चुकलेल्या गाडीचं नावही काढत नाही, याचाच मी आडोसा घेतला. असे किती शनिवार गेले.

मग सून मुलीला घेऊन नंदुरबारला आली. मी दुकानात गेलो तेव्हा मित्र तिला मांडीवर घेऊन बसला होता आणि ती मूठभर चिंचोके उधळत होती. मी घरून नीट वाक्यं जुळवून निघालो होतो, अगदी वर्गात बोलतो तशी. त्यातलं एकही आठवलं नाही. मी चपला काढल्या, त्याच्यासमोर बसलो आणि कोरीटवाल्यादेखत म्हणालो, “तू एक्का टाकी दिन्हात, मन्हाकडून बादशहा सुटना नही. तुन्ही गाडी मन्हामुये चुकनी. मन्हं चुकनं, भो. माले माफ कर.”