बर्फात दिवा लागत नाही

मध्यप्रांत-वऱ्हाडाचं सरकार होतं आणि मोठी लढाई नुकतीच संपली होती. शेगाव स्टेशनामागच्या बर्फाच्या कारखान्यात रंगराव वायरमन होता. त्याच्या धाकट्या बहिणीचा, रुख्मिणीचा, नवरा उत्तमराव डोणगावची भाजीची वाडी भावांवर सोपवून बायको आणि लहान पोरीला घेऊन आला, तेव्हा त्याला तिथं चिकटवलं ते रंगरावानंच.

उत्तमराव विजेला भ्यायचा. कारखान्यात मिठाच्या गार पाण्याचा मोठा हौद होता. त्यात बुडवलेल्या पत्र्याच्या डब्यांत गोडं पाणी गोठायचं. डबे वर ओढायला विजेवर चालणारी लोखंडी साखळी. खारं पाणी ठिबकून फरशी सदा ओली, आणि माणसं अनवाणी.

"ओल्यात उभं राहून लोखंडाले हात लावाचा? मले नाही जमणार," उत्तमराव म्हणाला.

रंगराव हसला. त्यानं बर्फाची कोरडी लादी फळीवर ठेवली आणि दिव्याच्या वायरीची दोन टोकं तिला लावली. दिवा लागला नाही.

"पाहा भाऊजी, बर्फातून करंट जातच नाही. काऊन भेता?"

तीच टोकं हौदात बुडवली असती, तर दिवा लख्ख पेटला असता. पण भ्यालेल्या माणसाला ते कशाला दाखवायचं, असं त्याला वाटलं.

उन्हाळ्यात बर्फाला मागणी वाढली. साखळीच्या मोटारीची वायर घासून उघडी पडली. रंगरावानं मॅनेजरला सांगितलं, तर तो म्हणाला, "हंगाम उतरू दे." रंगरावानं वायरीवर चिंधी गुंडाळली आणि गप्प बसला. वैशाखातल्या एका दुपारी उत्तमरावानं साखळी धरली, ती त्याला सुटेना. रंगरावानं धावत जाऊन खटका पाडला, तोवर सगळं आटोपलं होतं.

चौकशीचा साहेब येण्याआधी फरशी पुसून कोरडी झाली, वायर नवी आली. मॅनेजर रंगरावाच्या कानाशी लागला, "चिंधी तू गुंडाळलीस. तोंड उघडलंस तर नाव तुझंच येईल."

मग मॅनेजरच्या सांगण्यावरून साहेबासमोर रंगरावानं बर्फाच्या लादीला वायरी लावल्या. दिवा लागला नाही. "आणि पाण्यातून?" साहेबानं विचारलं. मॅनेजरनं गोड्या पाण्याचा पेला पुढं केला. दिव्याची तार जेमतेम लालसर झाली.

"आणखी काही सांगायचंय?"

रंगरावाची नजर हौदाकडे गेली आणि खाली वळली. "नाही, साहेब."

उत्तमरावाचं काळीज कमजोर होतं, असा निकाल देऊन साहेब गेला.

दाराशी उभ्या रुख्मिणीनं ती नजर पाहिली होती. घरी आल्यावर तिनं विचारलं, "दादा, त्या हौदात काय होतं?"

"मिठाचं पाणी."

"त्यात लागते दिवा?"

तो म्हणाला, "लागते."

"मंग साहेबाले काऊन नाही सांगितलं?"

"माह्यावर आलं असतं, रुख्मे."

पोरीला कडेवर घेऊन तिनं डोणगाव गाठलं.

हंगाम उतरला तसं मॅनेजरनं रंगरावाला काढलं. हयगय केली म्हणाला. रंगराव डोणगावला गेला. रुख्मिणी वाडीत वांगी तोडत होती. त्याला पाहून तिनं हात थांबवला नाही. बांधावरल्या जेठाला, उत्तमरावाच्या थोरल्या भावाला, म्हणाली, "कोनी वाटसरू आला दिसते. पानी पाजा अन् रस्ता दाखवा."

जेठानं खरंच तांब्या आणून दिला. रंगराव उभ्यानं प्याला, तांब्या बांधावर ठेवला आणि आल्या वाटेनं परत फिरला.