सुएझचं भांडण आणि न उडालेला सुरुंग

एक आवाज कमी आला.

खाणीत सुरुंग पेटले की आम्ही सगळे मोजायचो. ओव्हरसियर मोजायचा, ड्रिलवाले मोजायचे, लांब शेडमध्ये बसलेल्या रेजा म्हणजे मजूर बायासुद्धा बोटांवर मोजायच्या. जितकी होलं भरली, तितके आवाज यायला हवेत. एक कमी आला तर समजायचं की एका होलात दारू जिवंत आहे. तिथं पुन्हा पाऊल ठेवणारा माणूस जीव मुठीत धरूनच जातो.

"दोन आवाज एकदम झाले," विदर्स साहेब म्हणाले. ते आमचे खाणीचे मॅनेजर. इंग्रज, स्वातंत्र्यानंतरही इथंच राहिलेले.

"एक कमी आहे," डोलन म्हणाला. हा अमेरिकन. ड्रिलिंगचा जाणकार म्हणून ठेकेदारानं कलकत्त्याहून आणलेला.

दोघंही हे माझ्याकडं बघून बोलले. आठवडाभर असंच चाललं होतं. ते एकमेकांशी बोलत नव्हते, मधे मी होतो, खाणीचा बाबू.

भिलाईचा पोलाद कारखाना रशियनांच्या मदतीनं उभा राहत होता. पण त्याच्या रस्त्यांना आणि पायाभरणीला लागणारा दगड आमचा ठेकेदार नंदिनी गावाच्या बाजूला एका खाणीतून काढायचा, आणि तिथं हे दोन गोरे होते. सुरुवातीला दोघांची दोस्ती अशी की लोकांनी हेवा करावा. महायुद्धात दोघंही आसामात होते. संध्याकाळी एका तंबूत बसून पत्ते खेळायचे, आणि डोलन हरला की त्याच्या शिव्या जामुलच्या रस्त्यापर्यंत ऐकू जायच्या.

मग छप्पन्न साली सुएझ झालं. इजिप्तनं कालवा ताब्यात घेतला होता. इंग्रज आणि फ्रेंचांनी तिथं बाँब टाकले, सैन्य उतरवलं. आणि सगळ्या जगाला वाटत होतं की अमेरिका त्यांच्या पाठीशी उभी राहील, तर अमेरिकाच म्हणाली, थांबा. इंग्रजांचा पौंड घसरत होता, त्यांना पैशाची मदत हवी होती. अमेरिका म्हणाली, आधी सैन्य मागं घ्या, मग पैशाचं बोला.

विदर्स साहेबांच्या तंबूत रेडिओ होता. ही बातमी आली त्या संध्याकाळी मी मालाचा हिशोब द्यायला गेलो आणि दारातच थबकलो.

"लढाईत तुम्ही दोन वर्षं उशिरा आलात," विदर्स साहेब म्हणत होते, "पण बिल मात्र वेळेवर पाठवलंत. त्या कर्जाचे हप्ते आम्ही अजून फेडतोय. आणि आज त्याच कर्जाची दोरी आमच्या गळ्याला लावताय."

"माझा भाऊ फ्रान्सच्या मातीत पुरलाय," डोलन म्हणाला. "त्याचं बिल आम्ही कुणाला पाठवलं नाही. आता तुमच्या कालव्यासाठी दुसऱ्या कुणाचा भाऊ मागू नका."

तो ताडकन उठून माझ्या अंगावरून निघून गेला. त्या दिवसापासून दोघांतून विस्तव जाईना.

एरवी मला गंमत वाटली असती. पण खाणीत दोन माणसं बोलेनाशी झाली की गंमत राहत नाही. आमची पद्धत अशी होती. ड्रिल करणारा दगडात होल पाडतो, तेव्हा त्याच्या हाताला दगड कळतो. कुठं कडक लागला, कुठं मऊ, कुठं ड्रिलच्या टोकाचा बिट एकदम खाली सटकला. हे तो दारू भरणाऱ्याला होलापाशी उभं राहून तोंडी सांगतो. भरणारा त्याप्रमाणे दारूच्या कांड्या टाकतो. याचा कागद नसतो. डोलन आणि विदर्स साहेब प्रत्येक होलापाशी असे बोलत, आणि आम्ही त्यांच्या बडबडीला हसत असू. आता डोलन होल पाडून घेऊन निघून जायचा आणि मग विदर्स साहेब येऊन भरायचे. मी विचारायचो, "काही सांगायचंय का?" दोघांचंही उत्तर एकच, "काही नाही."

त्या दिवशी सकाळी रेडिओवर काहीतरी आलं असावं. डोलन लालबुंद होऊन बेंचवर आला. बेंच म्हणजे खाणीतली दगडाची पायरी. ड्रिल आमचा बोरकर चालवत होता. गणपत बोरकर भंडाऱ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, शांत माणूस. डोलननं त्याला बाजूला सारलं आणि शेवटची होलं स्वतः पाडली. वड्याचं तेल वांग्यावर, तसा राग दगडावर. आणि त्याच होलांपैकी एक आता उडालं नव्हतं.

नियमाप्रमाणे अर्धा तास थांबलो. वात आतल्या आत धुमसत असली तर उशिरानंही उडते. मग विदर्स साहेब आणि मी हळूहळू वर गेलो. सगळीकडे फुटलेला दगड, आणि टोकाला एका होलाचं तोंड शाबूत. ठासलेली माती जशीच्या तशी, त्यातून जळक्या वातीचं टोक बाहेर आलेलं. पायाखाली आणखी काही हललं तर, एवढंच डोक्यात होतं.

न उडालेला सुरुंग कधी उकरायचा नसतो. त्याच्या शेजारी हातभर अंतर सोडून दुसरं होल पाडायचं, ते भरायचं आणि उडवायचं. त्याच्याबरोबर पहिला उडतो. मात्र नवं होल जुन्याला समांतर गेलं पाहिजे. तिरकं जाऊन बिट जुन्या दारूत शिरला तर ड्रिलवाल्याचं घरी न्यायलाही काही उरत नाही.

खाली ठेकेदाराचा मुन्शी उभा होता. "कितना टाइम लगेगा? गाड़ियाँ खड़ी हैं. सब्बल से निकाल दो ना मिट्टी." त्यानं पहारीकडं बोट दाखवलं.

"तू काढतोस?" विदर्स साहेबांनी हिंदीत विचारलं. मुन्शी गाड्यांच्या दिशेनं चालू लागला.

बेंचच्या एका अंगाला गाव, दुसऱ्या अंगाला नाला. साहेबांनी खडूनं होलाच्या गावाकडच्या अंगाला फुली मारली. "इथं पाडायचं. डोलनला विचार, त्यानं होल कसं घेतलं होतं. सरळ की तिरकं?"

मी खाली गेलो. डोलन कॉम्प्रेसरला टेकून सिगारेट ओढत होता. हा कॉम्प्रेसर युद्धातला. अमेरिकेनं तेव्हा इंग्रजांना यंत्रं आणि ट्रक उधारीवर पुरवले होते. लढाई संपल्यावर त्यातलं बरंच सामान इथंच राहिलं आणि लिलावात निघालं. पिवळ्या रंगाखाली अमेरिकन फौजेचा पांढरा तारा अजून दिसायचा.

"त्याला सांग," डोलन म्हणाला, "नाल्याकडं थोडं तिरकं घेतलं. आणि हेही सांग की जिवंत दारूशेजारी अमेरिकेचं मशीन लावायचं तर आधी अमेरिकेला विचारायची सवय लाव."

मी वर जाऊन सांगितलं, नाल्याकडं तिरकं.

"आणि आणखी काय म्हणाला?"

मी तेही सांगितलं. साहेबांचे कान तांबडे झाले. "त्याला सांग, ते मशीन ठेकेदाराचं आहे. आणि त्याआधी ते आमचं होतं, आमच्या माणसांच्या रक्तानं फेडलेलं."

"साहेब, होलात भरणी कशी केली होती?"

"नेहमीसारखी," ते म्हणाले. माझ्याकडं न बघता म्हणाले.

मी पुन्हा खाली गेलो, पुन्हा वर आलो. अंगातला सदरा घामानं चिकटला होता, हवा तर थंडीची होती. मला भीती वाटत होती, आणि ती नुसत्या दारूची नव्हती. मी नेत होतो तेवढंच त्या दोघांना एकमेकांचं कळत होतं. मला जे कळत नव्हतं, ते कुठंच पोचत नव्हतं. नवं होल पाडायचं होतं बोरकरला, आणि उद्या त्याच्या घरी काय सांगायला जावं लागेल, याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो होतो.

बोरकर जॅकहॅमर म्हणजे हातात धरायचं ड्रिल खांद्यावर घेऊन वर आला. फुलीकडं बघितलं. मग ड्रिल खाली ठेवलं आणि त्यावर बसला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मले भेव लागून राहिलं, बाबू." "होल म्या नाय पाडलं, दारू म्या नाय भरली. अन् मरू मी?"

"साहेबांनी फुली मारून दिलीय."

"फुली त्याईनं मारली, होल त्या दुसऱ्यानं पाडलं. आमच्याकडं हिरीत सुरुंग नाही उडाला, त ज्यानं पाडला अन् ज्यानं भरला, ते दोघंबी काठावर येऊन उभे राहतेत. मंगच मानूस खाली उतरते. त्याईले बलवा जी. दोघाईले. मंग मी ड्रिल लावतो. नाही त मले घरी जाऊ द्या, रोजी कापा."

शेडकडं नजर गेली. त्याची बायको पार्वती घमेलं उलटं घालून त्यावर उभी होती, आमच्याकडं बघत. तीही आमच्याच खाणीत दगड वाहायची. तेवढ्या लांबून तिला ऐकू येत नव्हतं, पण नवरा ड्रिलवर बसलाय एवढं दिसत होतं.

मी विदर्स साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, मी इथंच आहे. मग डोलनकडं गेलो.

"मी त्या माणसाशेजारी उभा राहणार नाही," डोलन म्हणाला.

मी तेव्हा तरुण, नोकरी नवी. वडील दुर्ग लाइनीवर रेल्वेत, त्यांनी शिकवलेलं एकच, साहेबाला उलट बोलायचं नाही. पण भीतीनं माणूस कधीकधी उद्धट होतो.

"साहेब, तुम्ही त्यांच्याशेजारी नका उभे राहू. बोरकरच्या शेजारी उभे राहा. तो तुमच्या होलावर बसलाय."

डोलननं सिगारेट टाकली. ती बुटानं चिरडली. मग वर चढला.

होलाच्या एका अंगाला विदर्स, दुसऱ्या अंगाला डोलन, मधे बोरकर. मी मागं. बोरकरनं बिटचं टोक खडूच्या फुलीवर टेकवलं आणि दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. हवा सुरू करायची मूठ त्याच्या अंगठ्याखाली होती.

डोलनची नजर बिटवर होती. तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "मध्यावर मऊ लागलं होतं. बिट सटकला. गावाच्या बाजूला भेग असावी, म्हणून मी नाल्याकडं वळवलं."

विदर्स साहेबांचा चेहरा पांढरा पडत गेलेला मी पाहिला.

"भेग?" ते म्हणाले. आठवडाभरात पहिल्यांदाच ते थेट त्याच्याशी बोलत होते. "केवढी?"

"पोकळी असेल. का?"

"या होलानं जास्त कांड्या गिळल्या. मला वाटलं, तू खोल पाडलंयस."

"मी खोल पाडलं नव्हतं."

दोघांनी एकदमच खाली बघितलं. जादा कांड्या होलात राहिल्याच नव्हत्या. त्या भेगेत घसरल्या होत्या, गावाच्या अंगाला. खडूची फुली तिथंच होती, आणि फुलीवर बोरकरचा बिट.

"बोरकर," मी म्हणालो. "अंगठा काढ. बिट उचल. हळू."

त्यानं उचलला. का, ते विचारलं नाही. दोन पावलं मागं गेला आणि खाली बसला.

मग ते दोघं गुडघ्यांवर बसले आणि बोलायला लागले. उतार किती, बिट कुठवर गेला होता, कांड्या केव्हा सटकल्या असतील, माती किती ठासली. मधे माझी गरज नव्हती. नवी फुली नाल्याच्या अंगाला पडली, चांगली लांब. डोलननं बोरकरला खूण केली की मी पाडतो. बोरकर उठला, म्हणाला, "नाही जी, आता मी पाडतो. तुमी दोघं इथंच राहा फक्त." ते राहिले. होल पुरं होईपर्यंत तिघांच्या डोक्यांत वीतभर अंतर होतं. मला मात्र तिथं उभं राहवेना, पण निघूनही जाता येईना.

सुरुंग उडाला तेव्हा नेहमीपेक्षा फार मोठा आवाज झाला. धूळ बसल्यावर वर गेलो. गावाच्या अंगाला, पहिली फुली होती तिथं, बैलगाडी मावेल एवढा खड्डा पडला होता. बोरकर त्याच्या काठावर उभा राहिला, वाकून बघितलं आणि बाजूला जाऊन ओकला. मी त्याची पाठ धरली.

सिनेमात असतं तर दोघा साहेबांनी तिथं हात मिळवले असते. तसं काही झालं नाही. खाली उतरल्यावर डोलन कॉम्प्रेसरकडं गेला, विदर्स साहेब तंबूत. पुढं इंग्रजांनी सुएझमधून सैन्य मागं घेतलं, तसे विदर्स साहेब आणखीच गप्प झाले. पत्ते पुन्हा कधी निघाले नाहीत. काही महिन्यांनी डोलन निघून गेला, तेव्हा साहेब स्टेशनवर गेले नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी रोजी वाटताना पार्वती माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

"बाबू, ते दोघं कावून भांडत होते जी?"

मी सांगितलं, जमेल तसं. दूर एक कालवा आहे, त्यावरून लढाई झाली. एकाचा देश लढायला गेला, दुसऱ्याचा म्हणाला लढू नका. आणि मागच्या लढाईचं जुनं कर्ज आहे, ते कुणी कुणाचं किती देणं लागतं, त्यावरून.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अन् आमी? आमी कोनाचं देनं लागत होतो?"

मी तिच्या हातावर पैसे ठेवले आणि पुढच्याचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मी निरोप नेणं बंद केलं. मला बोलावलं की मी दोघांनाही होलापाशी आणून उभं करायचो. तोंडं फिरवून उभे राहायचे, पण सांगायचे. पुढं नोकरीभर, वेगवेगळ्या खाणींत, माझा हाच नियम राहिला. होल पाडणारा आणि भरणारा समोरासमोर आल्याशिवाय दारूची पेटी उघडायची नाही. नव्या इंजिनियर पोरांना तो जाच वाटायचा. एकानं विचारलं, "सर, आमचं पटत नसेल तर?" मी म्हणालो, "पटलं पाहिजे असं कुठं लिहिलंय? दगड कसा लागला तेवढं सांग, आणि मग खुशाल भांड."