टेबलफॅनचं तोंड

आमच्या घरातला एकुलता एक टेबलफॅन हल्ली माणसांना वारा घालत नाही. लेकीच्या, म्हणजे मुक्ताच्या, कॉम्प्युटरचं झाकण काढलेलं असतं आणि फॅन आतल्या ग्राफिक्स कार्डाकडे तोंड करून फिरतो. आम्ही शेजारी घाम पुसत बसतो.

याला कारण आमचे साडू. त्यांच्याकडे मूळ कंपनीचं, नमुन्याचं कार्ड आहे. बाकीच्या कार्डांची लायकी त्याच्यावरून ठरते. आमच्या कार्डात चिप तीच, पण बाकी सगळं स्वस्तातलं. गेम खेळताना त्यांच्याकडे सेकंदाला नव्वद चित्रं पळतात, आमच्याकडे एक्क्याऐंशी. मुक्तानं ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कार्डाला नेमल्यापेक्षा जोरात पळवून, अठ्ठ्याऐंशी गाठली; तेव्हापासून ते तापतं.

"अजून तीन वाढव," मी म्हणालो.

"बाबा, दमलंय ते."

"काकांचं बरं दमत नाही!"

"त्यांचं पळतच नाहीये. चालतंय."

हे मला लागलं. माझ्या लग्नात साडूंनी सहा जिलब्या खाल्ल्या म्हणून मी आठ खाल्ल्या होत्या. तेव्हापासून मी पळतोय, आणि हा गृहस्थ नुसता चालतोय!

मुक्ता पाणी प्यायला उठली तशी मी गुपचूप कार्डाच्या वेगाचा आकडा वाढवला. स्क्रीन काळी झाली. तिच्यात माझा लालबुंद चेहरा तेवढा दिसत राहिला.

मुक्तानं येऊन सगळं पहिल्यासारखं केलं आणि फॅनचं तोंड माझ्याकडे वळवलं. "आधी तुम्ही गार व्हा."

वारा फार सुखाचा होता. मी डोळे मिटले.

"मुक्ते," मी विचारलं, "काकांकडे टेबलफॅन कुठला आहे गं?"